आठला शिरा, दहाला अन्न, बाराला महाप्रसाद

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या १९ वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. चौथीपर्यंत ती गावातल्या मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून इंग्रजीतून. आता बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि हॉस्टेलवर राहते. अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत ती नापास झाली. तोंडी परीक्षेत मनगटाची आठ हाडं विचारली, तेव्हा पाठ केलेलं इंग्रजी निमॉनिक, म्हणजे लक्षात ठेवायचं वाक्य, तिला धडाधड आठवलं, पण त्यातून एकही हाड बाहेर आलं नाही. ‘ट्रिकांवर कुणी नर्स होत नाही,’ असं तिला वर्गासमोर ऐकावं लागलं. सीनियर मुलींकडून आलेली १४० निमॉनिक्सची एक वही तिच्याकडे आहे. त्यातली कितीतरी इतकी अश्लील आहेत की मोठ्यानं म्हणायची लाज वाटते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर ती स्वतःची मराठी सूत्रं जुळवते. रूममेट ती वाचून हसली, तेव्हापासून वही उशीखाली असते. तिचे वडील गावच्या भजनात पेटी वाजवतात. ती विचारते, ‘माझी स्मरणशक्तीच कच्ची आहे का? मराठीतून विचार करते म्हणून मी मागे पडते का? आणि बाई, ही माझी सूत्रं सोडून देऊ का?’ नमुना म्हणून तिनं दोन सूत्रं पाठवली आहेत.

प्रिय मुली,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोडू नकोस. तुझ्या दोन सूत्रांपैकी एक मी तीन दिवस मनात घोळवते आहे आणि दुसऱ्यात एक चूक आहे. दोन्हींबद्दल पुढे बोलू.

मी ३१ वर्षं तुझ्यासारख्या मुलींना अ‍ॅनाटॉमी शिकवली. दर वर्षी पहिल्या परीक्षेनंतर कुणीतरी डोळे पुसत यायचीच आणि बहुतेकींचं पहिलं वाक्य एकच असायचं, ‘बाई, माझ्या लक्षातच राहत नाही.’ मग मी विचारायची, इंद्रधनुष्याचे रंग सांग. लगेच ‘तानापिहिनिपाजा’. कोणत्या महिन्याला ३१ दिवस? लगेच मूठ वळून बोट उंचवट्यांवर. ते उंचवटे म्हणजे तळहातातल्या मेटाकार्पल हाडांची डोकी. पहिली-दुसरीत शिकलेली गोष्ट दहा-बारा वर्षांनी जिला क्षणात आठवते, तिची स्मरणशक्ती कच्ची कशी? गणेश चवथीच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची चौकट, बांधतात तेव्हा आठवून बघ. नारळ कुठं, सुपारीचे घड कुठं, आंबाडे, तोरिंगं, कवंडळं, माट्टीची फळं कुठं, हे घरातल्या जाणत्या माणसाला कागदावर लिहून द्यावं लागत नाही. लाकडी चौकट डोळ्यासमोर आली की एकेक वस्तू आपापल्या जागी दिसते. लक्षात ठेवण्याची ही फार जुनी रीत आहे, जागेला बांधून ठेवण्याची. ती तुझ्या घरात आहे. पुस्तकासमोर बसलीस की ती तू दाराबाहेर ठेवतेस, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तोंडी परीक्षेत नेमकं काय झालं ते पाहू. मनगटाच्या हाडांचं ते इंग्रजी वाक्य तुला अख्खं आठवलं. म्हणजे पाठांतरात तू कमी पडली नाहीस. पण त्या वाक्यातून तुला मिळतं काय, तर आठ आद्याक्षरं. त्यात ‘टी’ तीनदा येतो. कोणता टी कोणत्या हाडाचा? वाक्य सांगत नाही. आद्याक्षरांचं सूत्र हे ओळखीच्या माणसांच्या हजेरीसारखं असतं. माणसं आधी ओळखीची असली तर एक अक्षर ऐकून चेहरा आठवतो, नसली तर नुसती अक्षरंच राहतात. तुझी त्या हाडांशी ओळखच झाली नव्हती. वाक्यही दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी देशात, त्याच्या आयुष्यातून बनवलेलं.

तर ओळख करून घेऊ. डावा हात पुढे कर, तळवा वर. आता ही नावं ग्रीक आणि लॅटिन आहेत हे लक्षात घे. ती तुमच्या वर्गात कुणाचीच मातृभाषा नाही, इंग्रजी शाळेतल्या तुझ्या मैत्रिणीचीही नाही. स्कॅफॉइड म्हणजे होडी. ल्युनेट म्हणजे चंद्रकोर. ट्रायक्वेट्रल म्हणजे तीन कोनांचं. पिसिफॉर्म म्हणजे वाटाण्यासारखं. अंगठ्याकडून करंगळीकडे जायचं आणि मनात चित्र धरायचं: मांडवी नदीत होडी, वर चंद्रकोर, होडीचं त्रिकोणी शीड आणि त्या शिडाला चिकटलेला एक वाटाणा. वाटाणा शिडालाच का? कारण पिसिफॉर्म खरोखरच ट्रायक्वेट्रलच्या पुढ्यात बसलेलं असतं, दुसऱ्या कोणत्याच हाडाशी त्याचा सांधा नाही. करंगळीच्या बाजूला मनगटाच्या वळीवर दाबून बघ, तो टणक वाटाणा बोटाला लागेल.

ही झाली कोपराकडची ओळ. बोटांकडची ओळही अंगठ्यापासूनच सुरू करायची. ट्रॅपिझियम या शब्दाच्या मुळाशी ग्रीकमधलं टेबल आहे, छोटं टेबल. ट्रॅपिझॉइड म्हणजे त्याच्यासारखं दिसणारं. आपण त्यांना चौरंग आणि पाट म्हणू. कॅपिटेट म्हणजे डोकं असलेलं, हॅमेट म्हणजे आकडा, मासे पकडायच्या गळासारखा. अंगठा हा पाची बोटांतला मानकरी, त्याला चौरंग. तर्जनीला पाट. मधलं बोट सगळ्यांत उंच, त्याच्या खाली डोकं. अनामिका आणि करंगळी दोघी एकाच गळाला लागलेल्या. आता पुस्तक उघडून ताडून पाहा. पहिलं मेटाकार्पल ट्रॅपिझियमवर, दुसरं मुख्यतः ट्रॅपिझॉइडवर, तिसरं कॅपिटेटवर, चौथं आणि पाचवं हॅमेटवर. म्हणजे हे चित्र तुला क्रम देतं, शेजार देतं आणि ट्रॅपिझियम आधी की ट्रॅपिझॉइड या वर्षानुवर्षांच्या गोंधळातून सोडवतं. इंग्रजी वाक्यातून यातली फक्त पहिली गोष्ट मिळते.

होडीचा एक उपयोग सांगते, तो तुला वॉर्डात दिसेलच. स्कूटरवरून पडताना माणूस हात टेकतो. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो, इंग्रजीत त्याला तपकिरीची डबी म्हणतात. त्या खळग्याच्या तळाशी होडी असते. मनगटाच्या आठ हाडांत मोडतं ते बहुतेक वेळा हेच, आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती भेग दिसत नाही असंही होतं. शिवाय या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून मिळतं, त्यामुळे मधून तुटलं तर कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा थांबून तो तुकडा मरू शकतो. खळग्यात दाबल्यावर रुग्ण कळवळला आणि तू ते डॉक्टरांच्या कानावर घातलंस, तर एखाद्याचं मनगट वाचेल. तुझ्या शिक्षिका रागावून जे बोलल्या त्यातलं खरं ते एवढंच आहे. ट्रिक रुग्णापर्यंत पोचायला हवी. सगळ्यांसमोर तुला ते तसं ऐकावं लागलं याचं मला वाईट वाटलं. त्या वाक्याचा बोलण्यातला काटा काढून टाक आणि अर्थ ठेव.

आता तुझं पहिलं सूत्र. वाचकांसाठी लिहिते: ‘आठला शिरा, दहाला अन्न, बाराला महाप्रसाद.’ श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, ओलांडणाऱ्या तीन मोठ्या वाटांचं हे सूत्र आहे. छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर इन्फिरिअर व्हेना कॅव्हा म्हणजे शिरा, दहाव्याला अन्ननलिका, बाराव्याला महाधमनी म्हणजे एओर्टा. देवळातल्या उत्सवाचा दिवस डोळ्यासमोर येतो, सकाळच्या शिऱ्याचा वास येतो, आणि एकच शब्द पानातल्या शिऱ्यालाही चालतो, अंगातल्या शिरांनाही. हे तुला सुचलं कारण तू मराठीतून विचार करतेस. मराठी न येणाऱ्या मुलीला ते सात जन्मांत सुचलं नसतं. मग मराठी तुला मागे खेचते असं कसं म्हणशील?

पण या सूत्रापाशी थांबू नकोस, त्याच्या पोटात शिर. शिरेचं भोक श्वासपटलाच्या मधल्या पांढऱ्या, कंडरेच्या भागात आहे. आपण श्वास आत घेतो तेव्हा तो भाग ताणला जातो, भोक रुंदावतं आणि रक्त हृदयाकडे सहज चढतं. अन्ननलिका स्नायूंच्या पट्ट्यांमधून जाते. ते पट्टे तिला वेढून असतात, म्हणून जठरातलं आम्ल वर उसळायला अडथळा होतो. महाधमनी तर श्वासपटलाला भोक पाडून जातच नाही, ती त्याच्या मागून, मणक्याला लागून उतरते. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक ती आवळली जात नाही. आणि सोबती? शिरेबरोबर उजवी फ्रेनिक चेता (चेता म्हणजे नर्व्ह), अन्ननलिकेबरोबर व्हेगस, महाधमनीबरोबर थोरॅसिक डक्ट आणि अ‍ॅझायगस शीर. तुझ्या महाप्रसादाच्या पंगतीत यांनाही बसव. फ्रेनिक चेता मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चेतामुळांतून निघते. त्यासाठी माझ्या वर्गात ‘तीन, चार, पाच, श्वासाला ना जाच’ असं म्हणत असू. मानेचा कणा याच्या वर तुटला तर श्वास का थांबतो, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

दुसरं सूत्र हृदयाच्या झडपांचं: ‘उजवीकडे दोन पडदे, डावीकडे तीन, रक्त फिरे मागे तर हृदय होई दीन.’ लय सुंदर आहे, पण माहिती उलटी झाली. डावीकडे दोन, उजवीकडे तीन. नुसती अदलाबदल कर, यमक तसंच राहतं. ही चूक मला महत्त्वाची वाटते, कारण सूत्र जितकं गोड तितकी त्यातली चूक घट्ट बसते. गद्यात चुकलेलं सुधारता येतं, गाण्यात चुकलेलं वर्षभर छळतं. म्हणून नियम कर: नवं सूत्र केलं की ते पाठ करण्याआधी पुस्तकाशी ताडायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवायचं. एकटीनं उशीखाली ठेवलेल्या वहीचा खरा तोटा हा आहे.

झडपांसाठी तुला गोव्यातल्याच दोन गोष्टी देते. डाव्या झडपेला मायट्रल म्हणतात ते मायटर या बिशपच्या टोपीवरून. जुन्या गोव्याला ३ डिसेंबरच्या फेस्ताला बिशपच्या डोक्यावर ती उंच टोपी तू पाहिली असशील, वर दोन टोकं असलेली. दोन टोकं, दोन पाकळ्या. हृदयाच्या चार झडपांत दोन पाकळ्यांची झडप ही एवढीच, बाकी तिन्हींना तीन-तीन. आता उजवं-डावं विसरायचं कारण उरलं नाही. आणि झडप उघडते-मिटते कशी? माझं माहेर खाजनांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या भागातलं. तिथं बांधाला मानस असते, पाणी अडवायचं लाकडी दार. ओहोटीला शेतातल्या पाण्याचा दाब जास्त, दार बाहेर उघडतं. भरतीला नदीचा दाब जास्त, दार आपोआप बंद. ते लोटायला कुणी उभं नसतं. हृदयाच्या झडपाही अशाच दाबानं हलतात. कप्प्यांमधल्या दोन झडपांना खालून बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या दार लावायच्या नसतात, दार उलट्या बाजूला उलटू नये म्हणून असतात. सत्तरीत खाजनं नाहीत, पण कधी खाली आलीस तर ओहोटीच्या वेळी पाच मिनिटं मानसीपाशी उभी राहा.

सत्तरीच्या मुलीला आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं. खांद्यापासून हातात उतरणारी धमनी मुलींना फार त्रास देते, सबक्लेव्हिअन, अ‍ॅक्सिलरी, ब्रेकिअल. किती नावं! पण तुमच्याकडे जी म्हादई, तीच पणजीला मांडवी. पाणी एक, मुलूख बदलला की नाव बदलतं. पहिल्या बरगडीची बाहेरची कड ओलांडली की सबक्लेव्हिअनची अ‍ॅक्सिलरी होते. टेरेस मेजर स्नायूची खालची कड ओलांडली की तीच ब्रेकिअल, जिच्यावर तू बीपीचा पट्टा बांधतेस. कोपरापुढे तिला दोन फाटे फुटतात. अंगठ्याकडचा रेडियल, जिथं तू नाडी पाहतेस, आणि करंगळीकडचा अल्नर. सीमा लक्षात ठेव, नावं आपसूक येतील.

तुझ्या वडिलांच्या पेटीविषयी लिहिलंस म्हणून हे सांगते, एरवी फक्त गाणाऱ्या मुलींना सांगायची. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या. त्यातली कोणती संवेदी (जाणीव आणणारी), कोणती प्रेरक (हालचाल करवणारी), कोणती मिश्र, हा प्रश्न परीक्षेत हमखास असतो. संवेदीचा सा, प्रेरकचा प, मिश्रचा म. तिन्ही सूरच निघाले. आता ओळीनं म्हण:

सा सा । प प । म प । म सा । म म । प प

बारा चेता, बारा मात्रा, दोन-दोनांचे सहा भाग. म्हणजे एकताल. वडिलांना पेटीवर धरायला सांग आणि तू हातानं ताल दे. एकतालात तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर ‘खाली’ येते, म्हणजे तिथं टाळी द्यायची नसते. तिसरी चेता पापणी उचलते, सातवी पापणी मिटते. तिसरी गेली तर पापणी खाली पडते, सातवी गेली तर डोळा मिटत नाही आणि तोंडाची एक बाजू सैल पडते. दोन्ही खालीच्या मात्रा पापणीच्या, एवढं धरून ठेव.

सूर म्हणताना हातही चालू दे. पहिलीला नाकाला बोट, वास. दुसरीला डोळ्याला, दृष्टी. तिसरीला पापणी वर. चौथीला नजर नाकाकडे आणि खाली. पाचवीला तीन बोटं कपाळ, गाल आणि हनुवटीवर, कारण तिच्या शाखा तीन. सहावीला नजर बाहेरच्या बाजूला. सातवीला दात दाखवून हसायचं. आठवीला कान. नववीला आवंढा. दहावीला ‘आ’ करून हात गळ्यावरून छातीकडे आणि पोटाकडे, कारण व्हेगस तिथवर भटकते, तिच्या नावाचा अर्थच भटकणारी. अकरावीला खांदे उडवायचे. बारावीला जीभ बाहेर. हे हातवारे म्हणजे बव्हंशी रुग्णाच्या खाटेपाशी करायची तपासणीच आहे. बारावी चेता एका बाजूनं गेली असेल तर बाहेर काढलेली जीभ त्याच बाजूला वळते.

मात्र एक गोष्ट तपास. पाढ्यात सात आठे विचारलं की काही मुलं सात एके पासून सुरू करतात, तसं तुझं होता कामा नये. ‘नववी कोणती?’ म्हटल्यावर पहिलीपासून गात यावं लागत असेल तर सूत्र अजून कच्चं आहे. मैत्रिणीला मधलेच आकडे विचारायला सांग, कधी उलट्या क्रमानं म्हण.

१४० निमॉनिक्सच्या त्या वहीबद्दल. एवढी सूत्रं लक्षात ठेवायची म्हणजे अ‍ॅनाटॉमीवर आणखी एक विषय झाला. स्वतःशी प्रामाणिकपणे पाहिलंस तर वर्षभरात २०-२५ जागा अशा निघतील जिथं क्रम मनमानी आहे आणि समजून घेण्यासारखं त्यात काही नाही. सूत्र तिथंच बांधायचं. बाकी ठिकाणी म्हादईसारखी समज पुरते, किंवा चित्र. ब्रेकिअल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या चेतांचं जाळं, त्याला सूत्र कशाला? मुळं, खोडं, फाटे, दोर, फांद्या अशी त्याची बहुतेक नावंच झाडाची आहेत. पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर, पाच फांद्या. रोज एकदा कोऱ्या कागदावर न बघता काढ. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागतील, पंधराव्या दिवशी बहुधा दोन.

त्या वहीतल्या अश्लील वाक्यांविषयी तू लाजत लिहिलं आहेस. लाजायचं कारण तुझ्याकडे नाही. ती पिढ्यान् पिढ्या चालत आली, कारण धक्का बसला की लक्षात राहतं. पण त्यातली बहुतेक बाईच्या शरीराची टवाळी करून धक्का देतात, आणि तू तर त्याच शरीराची शुश्रूषा करायला निघाली आहेस. जे मोठ्यानं म्हणवत नाही ते घोकताही येत नाही, तो अभ्यासाचाच तोटा आहे. धक्क्याच्या जागी दुसरी कोणतीही ठसठशीत गोष्ट चालते, वास, सण, सूर, गावची नदी. ती पानं फाडून टाकलीस तरी तुझं काही नुकसान होणार नाही.

अभ्यासाच्या वेळापत्रकाबद्दल तू विचारलं नाहीस, पण नापास होण्याचं खरं कारण मला तिथं दिसतं. तू लिहितेस की परीक्षेआधीच्या तीन रात्री पुस्तक चार वेळा वाचलं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की घोकलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्यानं विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे पहिली उजळणी लवकर हवी: त्याच संध्याकाळी, मग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, आठवड्यानं, महिन्यानं. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. चौथ्यांदा वाचताना तुला ‘हे येतं’ असं वाटत होतं ना, ती ओळख होती, आठवण नव्हती. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या तेव्हाही स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोन सर्वांत वर होत्या. रेघा मारणं, पुन्हा वाचणं आणि शब्दाला शब्द जोडणारी निमॉनिक्स खालच्या रांगेत होती. सूत्रांची एवढी बाजू घेऊनही हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. सूत्र दार उघडून देतं. आत रोज जावं लागतं.

तुझ्यासारखीच अडचण फार्मसीच्या एका मुलानं आणि आयुर्वेदाच्या दोघी मुलींनी कळवली आहे. त्यांनाही हेच: वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते काढा, मग पुस्तक उघडून लाल पेनानं दुरुस्त करा. लाल शाई दिसली की वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी काय करायचं ते तीच सांगते.

उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची आहे, याची काळजी मात्र खरी आहे. होडी येते पण स्कॅफॉइडचं स्पेलिंग येत नाही, असं झालं तर गुण जाणार. म्हणून प्रत्येक मराठी सूत्र तोंडानं म्हणायचं आणि हातानं इंग्रजीत लिहायचं, दोन्ही एकाच वेळी. सुरुवातीला हात अडखळेल. दोन-तीन आठवड्यांत होडी म्हणताच बोटं स्कॅफॉइड लिहायला लागतात, हे मी पुष्कळ मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली तेव्हा गोव्यातली मुलं पोर्तुगीजमधून शरीर शिकली आणि घरी येऊन आपल्या भाषेत बोलली. शिकायची भाषा एक आणि घरची दुसरी, हा आपल्याकडे नवा प्रसंग नाही. शिवाय वॉर्डात तुझ्यासमोर येणारी म्हातारी तुला स्कॅफॉइड दुखतं म्हणून सांगणार नाही. ती अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवेल. दोन्हीकडची भाषा येणारी नर्स तिला हवी आहे.

राहिली रूममेट. ती का हसली ते मला माहीत नाही, कदाचित शिऱ्याला हसली असेल, ते हसू चांगलं. वही उशीखालून काढ. आज रात्री जेवणानंतर तिला विचार, होडी म्हणजे मनगटातलं कोणतं हाड. सांगता आलं नाही तर तिचा हात हातात घे, अंगठा ताणायला लाव आणि त्या खळग्यात तिचंच बोट ठेवून दाखव. मग तिला म्हण, आता तू मला विचार, मधूनच, कोणताही आकडा.

तुझी,
बाई